दहा भाकऱ्यांत शंभर जोर

आमच्या घरात रोज सकाळी दहा भाकऱ्या होत. नऊ नाहीत, अकरा नाहीत. दोन मापटी तांदळाचं पीठ, त्यावर कढत पाणी, मग मळणं आणि मग थापणं. हा थापण्याचा आवाज पडवीपर्यंत स्पष्ट येई. घरात माणसं चार: बा, आय, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेली बहीण सुमन. बा तीन भाकऱ्या खाई, आय तीन, सुमन दोन. मी तेव्हा वीस वर्षांचा असूनही दोनच खाई, कारण माझं अंगच तेवढं होतं. दुपारी आणि संध्याकाळी भात शिजे, तो कोणी मोजत नसे. पण सकाळच्या भाकऱ्या दहा. कणगीत साठवलेलं धान्य पुढच्या कापणीपर्यंत पुरवायचं तर त्या दहाच असायला हव्या होत्या. हे मला आय कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. घरात काही गोष्टी भिंतीसारख्या असतात, त्या कोणी बांधल्या याची आपण चौकशी करत नाही.

गाव आमचं मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या थोडं अलीकडे, रस्ता सोडून आत. बारावी होऊन दोन वर्षं मी घरीच होतो आणि बाबरोबर शेतात राबत होतो. त्यात वाईट काही नव्हतं, पण पोटापलीकडे काही उरतही नव्हतं. मग वनखात्यात भरती निघणार असल्याची बातमी आली. ती आणली माझ्या चुलत भावाने, प्रकाशने. तो माझ्याच वयाचा, पण रुंद आणि मोठ्या आवाजाचा. त्याच्या घरी दोन म्हशी होत्या. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती, आकडेमोड मला लहानपणापासून आवडे. उंची पुरेशी होती. डोंगर चढण्या-उतरण्यात आमचं सगळं गाव पास झालं असतं. अडचण एकच होती. छाती न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर हवी, आणि फुगवून त्यावर आणखी पाच.

वैशाखऱ्याच्या नाक्यावर एक टेलर बसत असे. त्याच्याकडे जाऊन मी शर्ट वर केला. त्याने टेप लावला, सोडला, परत लावला.

"तीस," तो म्हणाला.

"नीट बघा ना."

"अरे, दोनदा बघितला. श्वास सोडून तीस, धरून एकतीस. तुझ्या शर्टाला कापड कमी लागंल, हा फायदा बघ."

घरी येऊन मी तीसला दोन पूर्णांक चोपन्न शतांशाने गुणलं. शहात्तर पूर्णांक दोन दशांश. म्हणजे दोन पूर्णांक आठ दशांश सेंटिमीटर कमी. भरती दिवाळीनंतर होणार होती आणि तेव्हा होळी नुकतीच झाली होती. जवळजवळ आठ महिने हातात होते. महिन्याला एक तृतीयांश सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त वाढवायचं होतं. कागदावर ते मुळीच अवघड दिसलं नाही.

प्रकाशने मुरबाडमध्ये नव्यानेच निघालेल्या जिमचं कार्ड काढलं. मी बाला जिमच्या पैशांबद्दल विचारलं. बा त्या वेळी नांगराचा फाळ ठोकत होता. त्याने ठोकणं थांबवलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दोन दिवसांनी प्रकाश सांगत आला की तिथल्या मास्तरांच्या मते सुरुवातीला लोखंडाची गरजच नसते, आपल्या अंगाचंच वजन पुरतं. "तू घरीच कर," तो म्हणाला. "जोर, बैठका आणि आडव्याला लोंबकळायचं. मी पैसे भरून तेच करतो, तू फुकट कर. फक्त एक वही ठेव. काय केला, किती केला, काय खाल्ला, सगळा लिहायचा." वही ठेवायची हा भाग मला व्यायामापेक्षा जास्त आवडला हे कबूल करतो.

पहिल्या दिवशी मी चौदा जोर काढले आणि पंधराव्याला नाक सारवलेल्या जमिनीला टेकलं. बैठका चाळीस झाल्या, कारण बैठकांसारखं काम शेतात रोजच असतं. गोठ्यातल्या आडव्या वाशाला लोंबकळून हनुवटी वर नेणं शून्य. मी लोंबकळत होतो आणि आमची गाय गवत चघळत माझ्याकडे बघत होती. वहीत मी शून्य लिहिला. बाने गोठ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "वासा जुना हाय. तू सुटलास तरी चालंल, त्याला पाडू नको."

जागा मी पडवी निवडली. तिथे सावली होती, जमीन सपाट होती आणि स्वयंपाकघराचं दार समोर होतं. घड्याळ घरात नव्हतं असं नाही, पण ते बाच्या हातात असे. मग मला आयच्या थापण्याचा उपयोग सुचला. एक भाकरी थापायला तिला जेवढा वेळ लागे तेवढ्यात माझे दहा जोर होत. ती भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवून, उलटून निखाऱ्यावर फुगवीपर्यंत मी गुडघे टेकून श्वास घेई. पुढच्या गोळ्यावर तिचा हात पडला की मी पुन्हा सुरू. सुरुवातीला चार भाकऱ्यांपर्यंत मजल गेली. चैत्र संपता संपता दहाव्या भाकरीला शंभरावा जोर पडू लागला. आत थप थप, बाहेर माझा श्वास आणि तळवे सरकण्याचा आवाज. आय परात पुसायला घेई तेव्हा मी हात झटकत उठे. सुमन म्हणायची, "गिरणी चालू झाली रे दोघांची."

माझा मुलगा आता शहापूरच्या जिममध्ये जातो. तिथे भिंतभर आरसा आहे आणि गाणी लावतात. त्याच्या मोबाईलवर सगळे आकडे आपोआप उमटतात. मी एकदा त्याला विचारलं की तू मोजतोस कशावर, तर तो म्हणाला, "मोजायला कशाला लागतं, ते मोजतं." मला ते पटलं नाही, पण त्याचं अंग माझ्या त्या वयातल्या अंगापेक्षा चांगलं आहे, हेही खरं आहे.

व्यायामाने भूक लागते, हे कोणी सांगावं लागत नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी दोन भाकऱ्या संपवून म्हणालो, "आय, आजून एक." तिने टोपलीतून काढून दिली. वैशाखात मी चार खाऊ लागलो. सोबत कधी वालाची आमटी, कधी भाजलेली सुकट, कधी नुसती मिरचीची चटणी. तिला माझं खाणं बघायला आवडे. शेजारची काकू आली की आय मुद्दाम दारात उभी राहून सांगे, "आमचा दिनू शंभर जोर मारतो गो. खातोय पण तसा." काकू म्हणे, "मग शेतावर एकटाच धाड की त्याला, बैल इकून टाका." आणि दोघी हसत. मी वहीत लिहीत होतो: जोर शंभर, बैठका दोनशे, लोंबकळणं सहा, भाकऱ्या चार. महिन्यातून एकदा टेलरकडे जाऊन माप घेत होतो. त्याने मापाचे पैसे कधी मागितले नाहीत, उलट त्यालाच उत्सुकता लागली होती. आषाढ लागला तेव्हा टेप पावणेएकतीस इंचांच्या जरा खाली थांबला. मी गुणाकार केला. अठ्ठ्याहत्तर. फक्त एक सेंटिमीटर राहिला होता आणि चार महिने हातात होते. मी ठरलेल्या वेळापत्रकाच्या पुढे होतो.

लावणी चालू झाली. आमच्या भागात त्या दिवसांत कोणी कोणाला विचारत नाही की तू दमलास का. बा चिखलणी करत होता, मी रोपांच्या मुठी डोक्यावरून आणून खाचरात टाकत होतो. आय, सुमन आणि शेजारच्या तीन बायका ओळीने वाकून लावत होत्या. ओळ मागे मागे सरकत होती. अचानक ओळीत एक जागा मोकळी दिसली. आय बांधावर बसली होती, दोन्ही हात चिखलात टेकून.

"अगो, बसलीस काय? पाव्हणी आलीस काय?" काकू ओरडली.

"कंबर धरली गो. आले," आय म्हणाली. ती उठली, दोन पावलं टाकली आणि परत बसली. या वेळी ती बसली नाही, तिचे पाय सुटले. काकूने हसणं थांबवलं.

मी तिला पाठुंगळी घेऊन घरी आणलं. अंतर फार नव्हतं, पण बांध निसरडे होते. मला आठवतं ते एवढंच की मला काहीच जड गेलं नाही. मी मनात म्हणालो, शंभर जोरांचा उपयोग झाला. इतका मूर्खपणा मी पुढे आयुष्यात क्वचितच केला असेल. ती हलकी होती म्हणून जड गेली नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिला पाणी, गूळ आणि थोडी पेज दिली. ती म्हणाली, "उन्हानं झाला." आभाळ गच्च भरलेलं होतं, ऊन चार दिवसांत पडलं नव्हतं.

ती झोपल्यावर मी पडवीत बसलो आणि सवयीने वही उघडली. त्या दिवसाची ओळ लिहिली. जोर शंभर. म्हणजे भाकऱ्या दहा. ही दुसरी गोष्ट मी लिहीत नव्हतो, पण ती त्या शंभरात होतीच. रोज होती. मागची सगळी पानं चाळली. चैत्राच्या शेवटापासून एकही दिवस असा नव्हता की शंभर झाल्यावर आतून आणखी थाप ऐकू आली. बाच्या तीन, सुमनच्या दोन, माझ्या चार. नऊ. दहातून नऊ गेल्या.

मी ती वजाबाकी दोनदा केली. इतकी सोपी वजाबाकी दोनदा करण्याचं काही कारण नव्हतं. मग सुमनला हाक मारली. ती पेजेचं भांडं घासत होती.

"आय सकाळी किती भाकऱ्या खाते?"

"एक."

"कधीपासनं?"

"तू पैलवान झाल्यापासनं." तिने भांडं पालथं घातलं. "एखाद दिवशी ती पण नाय. मला म्हणते, दिन्याला सांगशील तर बघ. आता तूच इचारलास, मी नाय सांगितला."

आमच्याकडे बाप्ये आणि पोरं आधी जेवत, आय सगळ्यांच्या मागून चुलीपुढे. तिचं ताट कोणी बघत नसे. ती काही लपवत होती असंही म्हणता येत नाही, बघणारंच कोणी नव्हतं. भाताचंही तसंच होत असणार, पण भात मोजलेला नव्हता म्हणून त्याबद्दल मी खात्रीने लिहू शकत नाही. मी चार महिने घरातल्या धान्याचा रोजचा हिशेब कानाने ऐकत होतो आणि त्यातला माझा भाग तेवढा वहीत उतरवत होतो.

आय आता माझ्याकडे शहापूरला असते. हे इथपर्यंतचं मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तीन नाय खायचे मी. अडीच खायचे. तुझा आकडा चुकला." मी विचारलं, मग उरलेली अर्धी कुठे जायची? ती म्हणाली, "आपला कुत्रा काय हवा खायचा?" तिचं म्हणणं खरं असेल. मी वर तीन हाच आकडा ठेवला आहे, कारण मला तेव्हा तोच ठाऊक होता.

ती वजाबाकी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आयला सरळ विचारलं, एकच भाकरी का खातेस. ती चुलीत फुंकर घालत होती, म्हणजे माझ्याकडे बघायचं तिला कारण नव्हतं.

"माझी भूक मेलीय रे. पावसात बाईमाणसाला भूक लागत नाय."

"काकूला लागते."

"काकूचा काय सांगतोस! ती बाप्यावानी खाते."

"आजपासनं अकरा कर."

फुंकणी बाजूला ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि भादव्यात काय करू? नऊ?"

कणगीत हात घालून बघावं लागणारच नव्हतं, तिने बघितलेलं होतं. दहा भाकऱ्या म्हणजे कापणीपर्यंत, अकरा म्हणजे कापणीच्या आधी कोणाच्या तरी दारात टोपली घेऊन जाणं. ती दहा म्हणत होती तर दहाच होत्या. माझा एक सेंटिमीटर राहिला होता आणि तो त्या दहांतूनच यायचा होता.

त्या दिवशी बा आणि सुमन जेवले तेव्हा मी बसलो नाही. बाहेर गाईला पाणी दाखवलं, वैरण टाकली. ते उठल्यावर मी ताट घेऊन आत गेलो आणि चुलीपुढे आयच्या शेजारी बसलो. टोपलीत पाच भाकऱ्या होत्या. दोन मी तिच्या ताटात ठेवल्या, दोन माझ्या, आणि पाचवी मधोमध मोडली.

"लोक काय म्हणतील, पोरगा बायकांत बसून जेवतो."

"लोकांना दिसत नाय. तुझा ताट तरी कुठं दिसत व्हता?"

तिने अर्धी उचलून माझ्या ताटात टाकली. मी परत तिच्या ताटात टाकली. असं तीनदा झालं. मग मी म्हणालो की आता ही कुत्र्याला जाईल, तेव्हा ती खाऊ लागली. तिला माझ्यासमोर खाताना लाज वाटत होती. ती भिंतीकडे तोंड करून घास घेत होती. पंधरा-वीस दिवस ती तशीच जेवली. पुढे एके दिवशी बा आपलं ताट हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाहेर एकटा काय बसू?" सुमन त्याच्या मागून आलीच. स्वयंपाकघर इतकं लहान होतं की चौघांचे गुडघे एकमेकांना लागत. त्यानंतर आमच्या घरात पंगत एकच झाली.

जोर मी कमी केले नाहीत. शंभर होत होते, पण पहिल्यासारखे हलके नव्हते. शेवटच्या दोन भाकऱ्यांना माझे दहा पुरे होण्याआधीच आतली थाप संपे. टेलरकडे गेलो की टेप तिथेच थांबे. श्रावणात अठ्ठ्याहत्तर, भाद्रपदात अठ्ठ्याहत्तर आणि थोडं. टेलर म्हणाला, "काय रे, बंद पडला काय कारखाना?" मी म्हणालो, चालू आहे, माल कमी आहे.

दिवाळीनंतर ठाण्याच्या एका मैदानावर मोजमाप झालं. रांगेत प्रकाश माझ्या पुढे होता. त्याची छाती ब्याऐंशी भरली. तो निवडला गेला, आणि अजून नोकरीत आहे. ते जिममुळे झालं की म्हशींमुळे, हे मला ठरवता येत नाही. माझी न फुगवता साडेअठ्ठ्याहत्तर आली. फुगवून चौऱ्याऐंशी, म्हणजे पाचाच्या जागी साडेपाच, पण पहिला आकडाच कमी असल्यावर दुसऱ्याला किंमत नव्हती. मोजणाऱ्या माणसाने स्वतःहून टेप पुन्हा लावला, सरळ केला आणि मान हलवली. माप बरोबर होतं. त्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती.

घरी पोचलो तेव्हा आय अंगणात नवं भात वाळत घालत होती. कापणी, झोडणी सगळं उरकलं होतं आणि या वर्षी पीक बरं आलं होतं.

"किती कमी पडला?" तिने विचारलं. कमी पडलं हे तिला तोंडावरून कळलं होतं.

"अर्धा."

"अर्धा म्हंजे किती?"

मी बोटावर नखाने खूण करून दाखवलं. करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी. तिने ते बोट धरून जवळून बघितलं.

"ती अर्धी भाकर मी खाल्ली नसती तर भरला असता."

"नाय," मी म्हणालो. "हाडाचा माप असतो. जेवणानं वाढत नाय." हे मी खोटं बोललो. आकड्यांच्या बाबतीत मी जाणूनबुजून खोटं बोललो असं ते एकदाच. पुढे मी शहापूरला हिशेबनीस झालो आणि सगळी नोकरी आकड्यांत काढली. त्या नोकरीत कोणी छाती मोजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशिरा उठलो आणि पडवीच्या खांबाला टेकून बसलो. आतून पीठ मळण्याचा आवाज आला, मग थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग आय पिठाच्या हाताने दारात आली.

"आज जोर नाय?"

"आता कशाला? संपली भरती."

"तुझी संपली. मी भाकऱ्या कशावर मोजू?"

मला कळलं नाही, तेव्हा तिने जरा चिडूनच सांगितलं. तिला थापताना आकडे लक्षात राहत नसत. मध्ये तवा, मध्ये जाळ, मध्ये बाची हाक. पूर्वी ती पिठाचे गोळे आधी करून ठेवी आणि ते सुकत. माझे शंभर जोर होऊ लागल्यापासून ते करायची गरज उरली नव्हती. मी थांबलो की एक झाली. मी हात झटकत उठलो की दहा झाल्या, परात पुसायची. सहा-सात महिने मी तिच्यावर मोजत होतो आणि ती माझ्यावर.

मी उठून सदरा काढला आणि जमिनीवर हात टेकले. आत थाप पडली. दहा काढले, थांबलो. पुन्हा थाप, पुन्हा दहा. हात बरे चालत होते. शंभर झाले तसा मी उठलो, तळवे झटकले आणि सदरा उचलला. आतली थाप चालूच होती. मी दाराशी जाऊन बघितलं. परातीत पीठ होतं.

"उठलास कशाला?" वर न बघता ती म्हणाली. "आजून दोन हायत."